बेकमन की कोल्विट्झ: भिंतीवर कोणाला लावायचं?

जर्मन अभिव्यक्तिवाद्यांचं, म्हणजे भावना तीव्र करून मांडणाऱ्या चित्रकारांचं, एखादं मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र) लावायचंय, तेही ख्रिस्ताच्या दफनप्रसंगाच्या आसपासचं, म्हटलं की माझ्यापुरती दोनच नावं उरतात. माक्स बेकमनचं १९१८चं 'क्रूसावरून उतरवताना' आणि केटे कोल्विट्झनं कार्ल लीबक्नेख्टच्या स्मरणार्थ केलेलं काष्ठचित्र (लाकडाच्या ठशावरून छापलेलं), १९२०चं.

दुसऱ्यात ख्रिस्त नाही, मान्य. १५ जानेवारी १९१९ला बर्लिनमध्ये मारला गेलेला कम्युनिस्ट पुढारी आहे. पण मांडणी जुन्या ख्रिस्तविलापाची, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाभोवती शोक करणाऱ्यांच्या चित्रांचीच: आडवा देह, पांढरं कफन, त्यावर झुकलेली माणसं. शिष्यांच्या जागी कामगार, एवढंच.

नुसतं चित्र म्हणून विचाराल तर बेकमन कदाचित काकणभर सरस. महायुद्धात जखमींची शुश्रूषा करता करता तो स्वतःच कोसळला होता. त्याच्या ख्रिस्ताचे हात ताठ आखडलेले. खाली उतरवलं तरी क्रूस काही सुटलेला नाही.

माझं घोडं अडलं ते रेषेपाशी. बेकमनचं चित्र ड्रायपॉइंट आहे. त्यात सुईनं धातूचा पत्रा ओरखडला की कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. शाई तिथे धरून राहते आणि रेष मखमली उमटते. आपल्या हाती येते ती फोटोवरून काढलेली प्रत. मी चांगल्या जाड कागदावर काढून घेतली, तरी मखमल गेली ती गेलीच. राहिली राखाडी केसांची गुंतवळ. मूळ चित्र जेमतेम ३१ बाय २६ सेंमी, त्यामुळे मोठं करावं तर आणखी विरतं. एकदा ते डोळ्यांत खुपलं की दुसरं काही दिसेना.

कोल्विट्झनं हाच विषय आधी एचिंगमध्ये (आम्लानं कोरलेल्या पत्र्यावरून), मग लिथोग्राफमध्ये (दगडावर काढून) करून पाहिला होता. १९२०मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखची काष्ठचित्रं पाहिली आणि ती लाकडाकडे वळली. लाकडात एक तर काळं, नाहीतर कोरून काढलेलं पांढरं, त्यामुळे साध्या प्रतीतही फारसं बिघडत नाही. पुढचा माणूस वाकून प्रेताच्या छातीवर हात ठेवतो ना, त्या हातावरचे कोरणीचे फटकारे माझ्या प्रतीतही जसेच्या तसे आहेत.

कोल्विट्झ लावलं तर 'दिवाणखान्यात मढं कशाला?' हा प्रश्न मात्र ऐकावा लागेल. बेकमनचा निदान येशू म्हणून खपून जातो. आणि कोल्विट्झच्या चित्रात काळा भाग भरपूर असल्यानं साध्या काचेत ट्यूबलाइट दिसते, तेव्हा मॅट काच सांगा. अर्थात पत्र्यावरून काढलेली अस्सल प्रत परवडत असेल, तर माझं ऐकू नका, बेकमनच घ्या.