फिनलंडचं सेमिस्टर आणि माझे 77,800 रुपये

मी बीएड सेकंड इयरला आहे. गाव खानापूर तालुक्यात, कॉलेज बेळगावला, एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी मिडियम. आमच्यासारख्यांची अडचण इथल्या माणसाला वेगळी सांगायला नको, इकडं नोकरीला कन्नड पक्कं पाहिजे, तिकडं कोल्हापूर-चंदगडला गेलं की डोमिसाईल विचारतात, आणि मराठी शाळांचा पट दरवर्षी कमी होतोय. त्यामुळं कुणी म्हटलं की एक सेमिस्टर परदेशात, सगळा खर्च ते करणार, वर महिन्याला स्टायपेंड, तर कान टवकारणारच ना.

ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये सेमिनार, बीएड-डीएडच्या मुलांसाठी. आम्ही वर्गातल्या चौघी गेलो. ब्लेझर घातलेला एक सर, सोबत एक मॅडम, प्रोजेक्टर, बर्फातल्या शाळांचे फोटो, मुलं मोजे घालून वर्गात बसलेली. शेवटी चहा आणि कुंदा. बेळगावात येऊन बेळगावकरांना कुंदा वाटतो म्हणजे माणूस किती विचार करून आलाय हे तेव्हा कळायला पाहिजे होतं, आम्ही मात्र दुसरा तुकडा घेतला.

आणि मग त्यांनी खरा पत्ता टाकला. म्हणे सीमाभागातल्या 865 गावांसाठी वेगळा कोटा आहे, तुमचं गाव यादीत आहे का बघा. आता महाराष्ट्राकडून 865 गावांना काही सवलती मिळतात हे खरं आहे, ॲडमिशनमध्ये असतात, आरोग्य योजनेत आहेत, ते आम्ही लहानपणापासून ऐकतोय. त्यामुळं त्या आकड्यावर कुणी शंकाच घेतली नाही. फिनलंडचा आणि 865 गावांचा काय संबंध, एवढं डोकं चाललं नाही. आपलं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस आपला वाटतो, दुसरं काय.

पहिले 2,500 रजिस्ट्रेशन. मग आठ दिवसांत सिलेक्शन लेटर आलं, पीडीएफ, वर तिथल्या एका युनिव्हर्सिटीचं नाव, खाली निळा शिक्का. घरी आईनं देवाजवळ पेढे ठेवले. मग 11,800 प्रोसेसिंग, म्हणजे दहा हजार आणि वर 18 टक्के जीएसटी, बिलसुद्धा पाठवलं त्यांनी. जीएसटी दिसला की मला ते एकदम सरकारी वाटायला लागलं. मग 18,500 अपोस्टिलचे, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून कागदांवर सरकारी शिक्का, त्यासाठी ओरिजिनल पीयूसी (बारावी) मार्क्स कार्ड आणि डिग्री कुरिअरनं मागवली. (अपोस्टिलची परराष्ट्र खात्याची फी एका कागदाला 50 रुपये असते, वर एजन्सीचा थोडा चार्ज, हे मला नंतर कळलं. आधी बघितलं असतं तर.) मग 45,000 डिपॉझिट, 'रिफंडेबल', म्हणे तिथलं सरकार तुमच्या नावावर पैसे बघतं.

यातले वीस हजार आईनं तिच्या बचत गटाच्या संघातून कर्ज उचलले, बाकी पप्पांनी. पप्पा उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त गुगल पेवर नाव दुसरंच येतंय म्हणाले, कुठल्यातरी ट्रेडर्सचं. मी सरांना फोन केला तर म्हणाले, 'ते आमचे फायनान्स पार्टनर आहेत बेटा, तू निवांत राहा.' मी निवांत राहिले. आणि एक गोष्ट ते दर फोनला सांगायचे, फायनल लिस्ट लागेपर्यंत कॉलेजमध्ये बोलू नका, सीटा कमी आहेत, बाकीच्यांना कळलं तर ओढाताण होईल. आम्ही चौघींनी तोंड शिवून घेतलं. आता वाटतं सगळी गोम तिथंच होती, कारण कॉलेजमध्ये एका माणसाला जरी विचारलं असतं तरी हे पहिल्या 2,500 वर थांबलं असतं.

थांबलं ते असंच. त्यांनी रेसिडेन्स परमिटच्या 'फास्ट ट्रॅक'साठी आणखी 60,000 मागितले आणि निघायची तारीख दिली, 15 नोव्हेंबर ते 15 एप्रिल. मला इंटर्नशिपची सुट्टी मागायला पाहिजे होती म्हणून नाइलाजानं कॉलेजच्या मॅडमकडे गेले. मॅडमनी लेटर वाचलं, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाल्या, 'अगं, आपला त्या युनिव्हर्सिटीशी एमओयू, म्हणजे करार, कुठं आहे?' मी गप्प. मग म्हणाल्या, 'बीएडला 16 आठवडे इंटर्नशिप, तिथं 90 टक्के हजेरी लागते, शिक्षक प्रशिक्षण बघणाऱ्या एनसीटीईचा नियम आहे, ती बुडवून तू परत येऊन परीक्षेला कशी बसणार?' आणि तिसरं, तिथलं सेमिस्टर ऑगस्ट-सप्टेंबरला चालू होऊन डिसेंबरात संपतं, दुसरं जानेवारीत चालू होतं. हे 15 नोव्हेंबर मधेच कुठून आलं?

त्या दिवशी आम्ही चौघी कँटीनमागं कट्ट्यावर बसलो आणि चौघींची लेटरं चार मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवली. झूम केलं. शिक्का चारही लेटरवर त्याच जागी, तेवढाच तिरका, सहीची शेपटी तारखेच्या त्याच आकड्यावरून गेलेली. हातानं मारलेला शिक्का चार वेळा केसभरही हलणार नाही असं होतं का? आणि आमची नावं तेवढी वेगळ्या फाँटमध्ये, ओळीच्या किंचित खाली उतरलेली, जसं लग्नपत्रिकेवर पेननं नाव घालतात. एकजण रडायला लागली, तिच्या घरी तर बोरमाळ सोसायटीत गहाण ठेवली होती. मॅडमनी त्या युनिव्हर्सिटीच्या खऱ्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं, असं लेटर आम्ही दिलेलं नाही.

आता जे मला नंतर वाचून कळलं ते सांगते, कारण हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. परदेशातलं फंडेड सेमिस्टर हा प्रकार खोटा नाही, आहे तो. युरोपची इरास्मस प्लस नावाची योजना आहे, त्यात भारतातला विद्यार्थीसुद्धा एक सेमिस्टर जाऊ शकतो, पण कधी, तर आपल्या युनिव्हर्सिटीचा आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीचा करार असेल तेव्हाच. निवड आपल्याच युनिव्हर्सिटीमार्फत होते, लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा कागद असतो त्यावर तिघांच्या सह्या, मी, माझी युनिव्हर्सिटी, त्यांची युनिव्हर्सिटी. तिकडं ट्युशन फी घेत नाहीत, वर महिन्याला 800 ते 900 युरोच्या आसपास मिळतात. म्हणजे पैसा तिकडून इकडं येतो. मधे टिळकवाडीतला हॉल कुठंच येत नाही. शिक्षकांसाठी अमेरिकेच्या फुलब्राइटच्या पण योजना आहेत, पण त्या नोकरीत असलेल्या शिक्षकांना, आमच्यासारख्या शिकणाऱ्यांना नाहीत, आणि अर्जाला फी नाही.

फिनलंडचं म्हणाल तर 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर रेसिडेन्स परमिट, त्याचा अर्ज विद्यार्थी स्वतः त्यांच्या सरकारी साइटवर भरतो, 'एंटर फिनलंड' नाव आहे. महिन्याला 800 युरो दाखवावे लागतात हे खरं, पण ते स्वतःच्या खात्यात, ट्रेडर्सच्या नाही. म्हणजे त्यांनी खोटं अगदी खऱ्याला चिकटवून सांगितलं होतं. आणि अजून एक, तिथं पहिली-दुसरीच्या मास्तरालासुद्धा मास्टर्स डिग्री लागते आणि प्रॅक्टिस टीचिंग बहुतेक करून फिनिश भाषेत. आम्ही तिथं जाऊन गणित कुठल्या भाषेत शिकवणार होतो देव जाणे. इथं कन्नड जमेना म्हणून रडतोय आणि निघालो फिनिशला.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार घातली. त्यांनी पहिलं काय विचारलं तर यूटीआर नंबर, प्रत्येक पेमेंटचा बारा आकडी, ते स्क्रीनशॉट मी डिलीट केलेले नव्हते एवढं एक शहाणपण. मग सीईएन पोलीस ठाणं (सायबर गुन्हे बघणारं), चार फेऱ्या झाल्या, बायकांना बस फुकट आहे त्यामुळं तिकिटाचे वाचले, तेवढंच. तक्रार कन्नडमध्ये लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचायला दिली, मी अडखळत अडखळत सगळी वाचली, स्वतःच्या मूर्खपणाचं कन्नड वाचन. शेवटचं पेमेंट होऊन सहा दिवस झाले होते, त्यामुळं 45,000 पैकी खात्यात 9,200 उरले होते तेवढेच होल्ड झाले. तेही लगेच हातात येत नाहीत. बाकीचे पुढं कुठल्या कुठं गेलेले. त्याच दिवशी फोन केला असता तर जास्त अडकले असते म्हणतात.

पैशापेक्षा आता मार्क्स कार्डचा त्रास चाललाय. ओरिजिनल त्यांच्याकडंच राहिलं, डुप्लिकेटसाठी पोलिसांचा कागद, ॲफिडेव्हिट, अर्ज. आधार-पॅनच्या कॉप्या पण त्यांच्याकडं आहेत म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय. संघाचा हप्ता दर आठवड्याला आहे, आई शुक्रवारी काही न बोलता पैसे मोजते.

आणि हे आत्ता लिहितेय कारण परवा निपाणीच्या एका मुलीचा फोन आला, कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला तिला. म्हणाली, 'ताई, तुम्ही पण त्या प्रोग्रॅमला सिलेक्ट झाला होता म्हणे, मला डिपॉझिट भरायचंय उद्या.' मी म्हटलं आधी लेटर पाठव. या वेळी देश डेन्मार्क आहे. तारीख तीच, 15 नोव्हेंबर, आणि सहीची शेपटी त्याच आकड्यावरून.