वेगवेगळ्या मापांच्या टूल कॅबिनेटांवर बांधलेला वर्कबेंच: काही महिने राबवल्यानंतर

जुनी पत्र्याची तीन टूल कॅबिनेटं, तिन्हींची उंची वेगळी, खोली वेगळी, रंग वेगळा. ती एका रंगात रंगवून शेजारी शेजारी लावायची आणि वर जाड प्लायवुड टाकायचं, असा हा बेंच. तो उभा राहतो लवकर. पण त्यावर रोज कानस, ड्रिल आणि हातोडा चालू लागला की खरी परीक्षा सुरू होते. काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत आधीच सांगून टाकतो: पाया आणि वरची चौकट नीट केली असेल तर असा बेंच कोणत्याही तयार बेंचच्या तोडीस तोड काम देतो, नुसता रंग चांगला आणि चौकट कच्ची असेल तर सगळ्यात आधी ड्रॉवर अडकू लागतात.

मापं देतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. डावीकडे ६८६ मिमी रुंद, सात ड्रॉवरचं कॅबिनेट, चाकं काढल्यावर उंची ७६०. मधलं ६२० रुंद, पाच ड्रॉवरचं, उंची ७३५. उजवीकडचं ५३० रुंद, दाराचं, आत दोन फळ्या, उंची ७००. खोली ४५० ते ४८० मिमीच्या दरम्यान. वरची फळी २००० बाय ६५०, आणि काम करायची उंची जेमतेम ९०० मिमी. चाकं काढायचीच. ब्रेकवाली चाकं असली तरी कानस मारताना बेंच हलतो, आणि हलणाऱ्या बेंचवर सपाट कानस मारता येत नाही.

पाया ४० बाय ४० मिमीच्या, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपाचा. या पाइपाचं वजन मीटरला साधारण २.३ किलो भरतं, त्यामुळे पूर्ण चौकट एकट्याला सहज उचलता येते. लांबी १९०० ठेवली आहे: तीन कॅबिनेटं, मधल्या पॅकिंग पट्ट्या आणि उजव्या टोकाला एका पायासाठी ५० मिमी. आडवे पाइप प्रत्येक सांध्याखाली आणि दोन्ही टोकांना. त्याच जागी पुढेमागे मिळून १२ मिमी आट्यांचे आठ लेव्हलिंग पाय, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे. चार पायांवर भागत नाही; मधल्या कॅबिनेटचा भार पाइपाच्या मध्यावर येतो, पाइप किंचित लवतो आणि मधले ड्रॉवर घासू लागतात.

गॅरेजच्या फरशीला बहुतेक वेळा पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतार असतो. शंभराला एक एवढाच उतार धरला तरी दोन मीटर लांबीत २० मिमीचा फरक पडतो. म्हणून पायांना वरखाली करायला किमान ३० ते ४० मिमी वाव हवा. चौकट रिकामी असताना पाणसळीत आणायची, कॅबिनेटं ठेवल्यावर पुन्हा तपासायची आणि ड्रॉवर भरल्यावर तिसऱ्यांदा. तिसरी तपासणी लोक टाळतात. भरलेल्या कॅबिनेटचं वजन रिकाम्याच्या कितीतरी पट असतं, आणि पाय खाली बसतात ते याच वेळी. पायांखाली मऊ रबर घालू नये, ते महिनोन्‌महिने दबत राहतं. नायलॉनचा किंवा लोखंडी तळ बरा.

उंचीतला फरक खालून भरायचा, वरून नाही. वरून ठोकळे लावले तर सगळा भार त्या ठोकळ्यांखालच्या पातळ पत्र्यावर येतो. खालून भरलं की तिन्हींची डोकी एका पातळीत येतात आणि वरची चौकट सलग बसते. इथे २५ मिमीचा फरक २५ बाय २५ च्या पाइपाने आणि ६० मिमीचा फरक ६० बाय ४० चा पाइप उभा ठेवून भरला आहे. आपल्या कॅबिनेटांची मापं घेऊन बाजारात मिळणाऱ्या पाइपाशी जुळतात का ते आधी पाहावं. दोन-तीन मिमीची कसर पत्र्याच्या चकत्यांनी भरून निघते.

कॅबिनेटं एकमेकांना जोडताना घाई अजिबात नको. जुन्या पत्र्याच्या भिंती मध्ये फुगलेल्या असतात. त्या तशाच बोल्टने आवळल्या की चौकट पिरगळते, गुण्यात (काटकोनात) राहत नाही, आणि कालपर्यंत सुरळीत चालणारा ड्रॉवर कोपऱ्यात चिकटतो. उपाय असा: दोन कॅबिनेटांमध्ये ६ मिमी प्लायवुडच्या पट्ट्या फक्त चार कोपऱ्यांजवळ, जिथे आतून घडी किंवा चौकट आहे तिथे घालायच्या आणि बोल्ट त्या पट्ट्यांतूनच घ्यायचे. ६ मिमीचे बटण डोक्याचे बोल्ट, मोठ्या चकत्या आणि नायलॉन नट. ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते छर्ऱ्यांचे बॉल बेअरिंग चॅनेल असतील तर ड्रॉवर आणि भिंत यांच्यात १२.७ मिमी जागा असते. नट, चकती आणि बाहेर आलेल्या आट्या मिळून १० मिमीच्या आत राहायला हव्यात. तरीही बोल्ट चॅनेलच्या रेषेत येणार नाही, असंच भोक पाडावं. आवळण्याआधी आणि आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे, आणि ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंची फट डोळ्याने पाहायची. फट वर बारीक आणि खाली रुंद दिसली तर बोल्ट सैल करून पाय फिरवायचे. ड्रॉवर ठोकून सरळ करायला जाऊ नये.

कॅबिनेटांच्या डोक्यावर ४० बाय ४० चीच दुसरी चौकट. ती पत्र्याच्या मधोमध नाही तर कडांवर बसते, म्हणजे भार भिंतींतून आणि कोपऱ्यांतून सरळ खाली जातो. वरचा पत्रा साधारण मिलिमीटरभर जाड असतो, हातोड्याच्या घावाने तो ढोलासारखा वाजतो आणि पुढे खचतो. चौकटीमुळे फळी आणि कॅबिनेट यांच्यात ४० मिमीची जी पोकळी मिळते तिचा पुढे फार उपयोग होतो. भिंतीला मागून दोन अँगलने बांधणंही आवश्यक आहे. भरलेले दोन-तीन ड्रॉवर एकदम बाहेर ओढले तर सुटं कॅबिनेट पुढे कलंडू शकतं.

फळी म्हणजे १८ मिमी प्लायवुडचे दोन थर, लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने पूर्ण चिकटवलेले, खालून ३० मिमीचे स्क्रू, १५० ते २०० मिमीच्या अंतराने. याहून लांब स्क्रू वापरला तर टोक वर डोकावायची भीती. दोन थर मिळून वजन साधारण तीस-पस्तीस किलो होतं आणि ते वजन हवंच, कंपनं त्यातच मुरतात. वर ३ मिमीचा हार्डबोर्ड, चिकटवलेला नाही, फक्त कडेने स्क्रूंनी धरलेला. इतक्या महिन्यांत त्यावर ड्रिलची भोकं, रंगाचे डाग आणि छिन्नीचे वार पडले आहेत. एकदा पालथा घालून झाला आहे, पुढच्या वेळी बदलला जाईल. मला विचाराल तर संपूर्ण बेंचमध्ये सर्वात कमी खर्चात सर्वात जास्त उपयोग देणारी वस्तू हीच.

व्हाइस, म्हणजे तुकडा जबड्यांत घट्ट धरणारा शिकंजा, उजव्या टोकाला आहे, दाराच्या कॅबिनेटवर. ड्रॉवरच्या वर व्हाइस लावला तर उभा धरलेला लांब पाइप खालचे सगळे ड्रॉवर अडवतो. मागचा, न हलणारा जबडा फळीच्या कडेच्या किंचित बाहेर हवा, नाहीतर लांब तुकडा सरळ उभा धरताच येत नाही. बोल्ट १२ मिमीचे, फळीतून आणि चौकटीच्या पाइपातून आरपार. पाइपाच्या आत नळीचा तुकडा बसवून मगच आवळावं. तसं न केल्यास २ मिमीची भिंत चेपते आणि बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतो. दाराच्या कॅबिनेटला पुढून आडवे आधार नसतात, म्हणून त्याच्या बाहेर वरच्या चौकटीपासून पायापर्यंत ५० बाय ५० चा ७६० मिमी उंच पाय दिला आहे. जाम झालेला नट व्हाइसमध्ये धरून लांब पान्याने जोर लावला तरी बेंच आता तसूभरही हलत नाही.

आता रंग. याला वेळ सर्वात जास्त लागतो आणि चुकायच्या वाटाही इथेच जास्त.

ड्रॉवर काढताना प्रत्येकाच्या तळाला पंचने क्रमांक मारून ठेवा. मार्करने लिहिलेलं थिनरने पुसलं जातं, आणि वर्षानुवर्षं झिजलेला ड्रॉवर दुसऱ्या खणात नीट चालत नाही. कुलपं, चॅनेल, प्लास्टिकच्या पट्ट्या काढून ठेवायच्या. चॅनेलवर रंगाचा थर बसला की छर्रे अडखळतात.

घासण्याआधी धुवायचं, हा क्रम पक्का लक्षात ठेवावा. जुन्या कॅबिनेटवर ग्रीस, मेण आणि सिलिकॉन स्प्रेचा थर असतो. आधी पॉलिश पेपर मारला तर तो थर ओरखड्यांत खोल जातो आणि नव्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात. वर कितीही कोट मारले तरी ते भरत नाहीत. आधी साबणाचं पाणी, मग चरबी काढणारं सॉल्व्हेंट, दोन फडक्यांनी: एकाने ओलं पुसायचं, सुकायच्या आत दुसऱ्याने कोरडं करायचं. रंगकाम चालू असताना गॅरेजमध्ये सिलिकॉन स्प्रे उघडूसुद्धा नये.

कॅबिनेट फार जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं. ते कोरडं घासू नये. वॉटर पेपर, ओलं काम, चांगला मास्क, आणि निघालेला गाळ गोळा करून वेगळा टाकायचा. गंजलेल्या जागा १२० नंबरच्या पेपरने धातूपर्यंत, त्यांच्या कडा १८० ते २२० ने जुन्या रंगात विरतील अशा, आणि शाबूत जुना रंग ३२० ने फक्त निस्तेज होईपर्यंत. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर सर्वात खात्रीचा.

जुन्या रंगाची चाचणी घ्यायलाच हवी. थिनरचं फडकं दोन-तीन मिनिटं एका कोपऱ्यावर दाबून धरा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला तर जोरकस थिनरचा नवा रंग त्यावर थेट मारू नका, त्याने जुना थर सुटून वर उचलला जातो. तीन कॅबिनेटांचे तीन वेगळे रंग असतात, त्यामुळे चाचणी तिन्हींवर. एकावर ठीक निघालं म्हणून दुसऱ्यावर निघेलच असं नाही.

वरचा रंग कोणता, यावर माझं मत स्पष्ट आहे. हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग सर्वात टणक, पण त्यात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय तो स्प्रेने मारू नये. तशी सोय नसेल तर सिंथेटिक इनॅमल फोमच्या रोलरने, पातळ दोन-तीन कोट. त्याला वेळ मात्र द्यावाच लागतो. काही तासांत हाताला सुका लागतो, पण पूर्ण कडक व्हायला आठवडे जातात. तेवढ्यात ड्रॉवर बंद करून ठेवले तर रंग चौकटीला चिकटतो आणि उघडताना पापुद्रा सोलून येतो. चकाकीपेक्षा सॅटिन (मंद चमकेचा) बरा: पोचे कमी दिसतात, आणि तीन कॅबिनेटांच्या पत्र्यांचा वेगळा पोतही झाकला जातो.

महिन्यांनंतर रंग कुठे गेला? सपाट भागावर कुठेच नाही. ड्रॉवरच्या वरच्या कडेवर आणि मुठीच्या आसपास मात्र लोखंड दिसू लागलं. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळच राहतो. प्रायमरआधी त्या कडा कानशीने किंचित गोल करायच्या आणि प्रत्येक कोटाआधी फक्त कडांवर ब्रशने एक हात फिरवायचा. अशा केलेल्या कडा अजून शाबूत आहेत. दुसरी गोष्ट ड्रॉवरमधल्या चटयांची. मऊ पीव्हीसीच्या चटईतून मऊपणा आणणारं द्रव्य रंगात उतरतं, रंग चिकट होतो आणि चटई तळाला धरून बसते. ईव्हीए फोमने असा त्रास दिला नाही. पण दमट हवेत फोमखाली ओल साचते, म्हणून मोजमापाची हत्यारं गंजरोधक कागदात.

बॉल बेअरिंग चॅनेल जुनं ग्रीस धुऊन हलकं लिथियम ग्रीस लावल्यापासून उत्तम चालताहेत. साध्या घसरत्या पट्ट्यांना ग्रीस नको, भुसा चिकटून लापशी होते. त्यांना मेण चोळावं. जड वस्तू, सॉकेटचे सेट, पुलर, हे सगळं खालच्या ड्रॉवरमध्ये. बेंचवर वेल्डिंग करायचं असेल तर अर्थचा चिमटा थेट कामाच्या तुकड्यावरच लावा. करंट कॅबिनेटमधून फिरला तर चॅनेलच्या छर्ऱ्यांवर ठिणगीचे खड्डे पडतात.

खटकणाऱ्या गोष्टी दोनच. फळीच्या लगेच खाली ड्रॉवर असल्याने क्लॅम्प लावायला जागा अपुरी. पुढे ५० मिमी बाहेर आलेली कड आणि चौकटीची ४० मिमी पोकळी यामुळे सरळ दांड्याचा एफ क्लॅम्प बसतो, पण खोल घशाचा (लांब जबड्यांचा) बसत नाही. नव्याने बांधणाऱ्याने वरची चौकट ४० ऐवजी ७५ मिमी उंच पाइपाची करावी. तेवढी उंची पायातून कमी करता येत नसेल तर सर्वात उंच कॅबिनेट बदलावं, पण ही जागा सोडू नये. दुसरी अडचण धुळीची. भुसा पुढच्या कडेवरून सरळ वरच्या ड्रॉवरच्या फटीत जातो. फळीच्या खालच्या बाजूला, कडेपासून १० मिमी आत, करवतीने ३ मिमीची खाच आणि मागे फटीवर रबरी पट्टी लावल्यावर हे बरंच कमी झालं. तरी व्हर्नियर, डायल गेज ही बारीक मोजमापाची हत्यारं वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नयेत, दुसऱ्यात ठेवावीत.