यूएफसी ४ घ्यावा की ५?
आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत वाढलेली बेळगावची पोरं हा ठोसे, लाथा नि पकडींच्या लढतींचा व्हिडिओ गेम लावतात ती जमिनीवरच्या झटापटीसाठी. तिथंच २०२३ चा 'यूएफसी ५' उजवा. चौथ्यात सबमिशन, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावणारी पकड, लागलं की पडद्यावर पट्ट्यांचा खेळ सुरू, लढत राहिली बाजूला! पाचव्यात तो काढून टाकलाय. एका पकडीतून सरळ दुसरीत जाता येतं. भुवई फुटली, डोळा सुजला की डॉक्टर लढत थांबवू शकतो, त्यामुळं तोंड सांभाळून खेळावं लागतं. करिअर मोड, म्हणजे एकच लढवय्या घेऊन वर चढत जायचा भाग, मात्र जवळपास जुनाच, नुसती रंगरंगोटी. शिवाय पाचव्याला पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरीज कन्सोल हवाच. पीसीवर दोन्ही गेम मिळतच नाहीत. घरात पीएस४ असेल तर २०२० चा चौथाच घ्या. उभ्यानं ठोसेबाजी त्यातही झकास. खडेबाजारात जुनी डिस्क मिळाली तर आणखी बरं.