गुडघ्याचं मॉडेल घेतलं, त्याबद्दल
फिजिओचा अभ्यास चालू आहे म्हणून खऱ्या मापाचं गुडघ्याचं मॉडेल मागवलं, आणि वाचून वाचून जे डोक्यात बसत नव्हतं ते हातात धरून फिरवल्यावर लगेच दिसलं. वाटीमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ सांध्यापासून थोडी लांब राहते, म्हणून तेवढ्याच जोरात पाय जास्त ताकदीने सरळ होतो, वाटी सुटी निघते त्यामुळे हे मस्त समजतं!! आतली एकमेकांना छेदणारी दोन लिगामेंटं (हाडांना हाडं जोडणारे पट्टे) वेगळ्या रंगात आहेत, छानच. पण पाय पूर्ण सरळ होताना शेवटी शेवटी नडगीचं हाड किंचित बाहेर वळतं ना, ते इथे होतच नाही, नुसती बिजागरी. आणि मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादी, चक्क चिकटवलाय, खरा तर गुडघा वाकताना मागे सरकतो, तो तरी मोकळा ठेवायला हवा होता.