पैठणीच्या दुकानातलं कार्ड मशीन, बँक बदलल्यावरचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बरंचसं बाहेरगावचं, शिर्डीला आलेले लोक वाट वाकडी करून येतात, आणि लग्नाचा बस्ता असला की एकाच बिलात लाखाच्या वर जातं, तिथे युपीआयची लिमिट आडवी येते, म्हणून क्रेडिट कार्ड घ्यावंच लागतं.

आधी एका कंपनीचं मशीन होतं, रेट (म्हणजे दर बिलामागे आमच्याकडून कापतात ते टक्के) कमी म्हणून घेतलेलं. ऐन लग्नसराईत त्यांनी आमचे पैसे होल्डवर टाकले. कारण काय तर अचानक मोठ्या रकमा आल्या म्हणून रिस्क चेक. अहो करा ना चेक, फ्रॉड होतात हे आम्हालाही कळतं, पण आधी एक फोन तरी कराल की नाही? कस्टमर केअरला लावला की फक्त तिकीट नंबर मिळायचा, आणि इकडे विणकरांची मजुरी अडकलेली. जो माणूस महिना महिना हातमागावर बसून एक साडी काढतो त्याला 'सेटलमेंट पेंडिंग आहे' म्हणून कसं सांगायचं? मला त्याचा फार त्रास झाला.

मग जिथे करंट अकाउंट आहे त्याच बँकेचं मशीन घेतलं. रेट थोडा जास्त आहे, तरी मी समाधानी आहे, त्याचं कारण तिथला माणूस. त्याने पहिल्याच भेटीत आमचं जुनं स्टेटमेंट मागितलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. जुनी कंपनी डेबिट आणि क्रेडिट सगळ्याला एकच रेट लावत होती! रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या रेटला मर्यादा घातलीय, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के. रुपे डेबिटला तर २०२० पासून शून्य. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे बोलून ठरवायचं असतं. २८,००० ची साडी १.८ टक्क्याने गेली तर ५०४ रुपये कटतात आणि त्या ५०४ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ५९५. हे त्याने कागदावर मांडून दाखवलं, मशीनचं भाडं वेगळं लिहिलं, आणि कॉर्पोरेट किंवा परदेशी कार्ड आलं तर जास्त कटेल हेही आधीच सांगितलं. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट आलं ते मी कॅल्क्युलेटर घेऊन तपासलं, बरोब्बर जुळलं.

खरी परीक्षा चार्जबॅकच्या वेळी झाली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँक दुकानदाराकडून पैसे परत मागते तेव्हा. बेंगळुरूच्या एका ताईंनी साडी नेली आणि त्यांच्या मिस्टरांनी कार्डाच्या बिलावर अनोळखी नाव दिसलं म्हणून बँकेत तक्रार टाकली. आमच्या पाटीवरचं नाव वेगळं आणि कागदोपत्री फर्मचं वेगळं, मशीनवर फर्मचं होतं. या माणसाचा त्याच दिवशी फोन आला, ताई चार्ज स्लिप आणि बिलाची कॉपी लगेच पाठवा, उत्तराची मुदत गेली तर पैसे जातील. पाठवलं, निकाल आमच्या बाजूने लागला, आणि त्याने पाठपुरावा करून मशीनवर पाटीचं नाव टाकून घेतलं. आता नवीन दुकानदारांना मी हेच सांगते की तुमच्या गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटवर कुठलं नाव उमटतं ते पहिल्याच दिवशी विचारा, आणि स्लिपा जपून ठेवा, थर्मल कागदावरची शाई उडते म्हणून फोटो काढून ठेवा.

आता सीझनच्या आधी मीच त्याला फोन करून सांगते, या महिन्यात मोठी बिलं येतील म्हणून, तो तशी वर नोंद करून ठेवतो. तेव्हापासून एकदाही होल्ड नाही, दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. पेपर रोल मागितल्यावर फार उशिरा येतात, आम्ही बाहेरून विकत आणतो. आणि करारनामा फक्त इंग्रजीत, सासऱ्यांना तो वाचता येत नाही आणि सही त्यांचीच लागते. बँकेने तो मराठीत द्यावा, मी लेखी अर्ज दिलाय, उत्तर आलं की इथे अपडेट टाकेन.