चुंबक चिकटलं नाही म्हणून स्टील 304 ठरत नाही

स्वयंपाकघरातलं जुनं टेबल टाकून देऊ नका, वरून स्टीलचा पत्रा मारून देतो, असं सांगत फिरणारी मंडळी आमच्या जुळे सोलापूर भागात अधूनमधून येतात. कल्पना मुळीच वाईट नाही. पण पत्रा कुठल्या प्रतीचा आणि किती जाडीचा हे नुसतं बघून कळत नाही, आणि गंडवणारा नेमका तिथेच हात मारतो. आमचे साडेपाच हजार असे गेले, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

टेबल सागवानी, चार बाय अडीच फुटांचं, पाय अजून दणकट. वरचा सनमायका मात्र कडेने उचकटला होता. मी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. त्या फटींत पीठ आणि चटणीचं तेल जाऊन बसायचं, मग मुंग्यांची रांग. स्टील असलं की एक फडकं फिरवलं की झालं, असा विचार होता.

माणूस बोलायला गोड. पिशवीतून वीतभर पत्र्याचा तुकडा काढला. त्यावर पांढरी फिल्म, फिल्मवर 304 छापलेलं. "काकू, हॉटेलवाले वापरतात तोच माल हाय बघा. अठरा गेज. नातवंडांपर्यंत टिकतंय." (304 ही स्टीलची एक प्रत, म्हणजे ग्रेड; गेज हे जाडीचं माप, आकडा वाढला की पत्रा पातळ.) मग खिशातून चुंबक काढलं, पत्र्यावर ठेवून पत्रा उभा धरला. चुंबक घसरून खाली. "चिकटतंय का? तुम्हीच बघा की ओ!" आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने लावून पाहिलं, तरी चिकटलं नाही.

भाव किलोवर नाही, चौरस फुटावर ठरला, फिटिंगसकट. कडा वाकवायचं काम वर्कशॉपमध्येच होतं म्हणून माप घेऊन गेला. पत्रा आणला तो दिवे लागायच्या वेळेला, आणि हातात न देता थेट टेबलावर बसवूनच टाकला. फिल्म आधीच काढलेली. विचारलं तर म्हणाला, "बेंडिंगला काढावीच लागती." हे धादांत खोटं. वाकवताना ओरखडे पडू नयेत म्हणूनच तर ती ठेवतात. फिल्म गेली की त्यावर छापलेला ग्रेडही गेला.

सुरुवातीला घर खूश. मग लक्षात आलं की मोठी परात ठेवली की मधला पत्रा टपकन दबतो आणि उचलली की परत वर येतो. पुढे मिठाच्या बरणीखाली तपकिरी कडं उमटलं. चिंचेचा कोळ सांडला होता तिथे खसखशीएवढे ठिपके आले. घासून वरचा रंग गेला, पण नख फिरवलं तर खड्डे लागायचे. फोन केला तर उत्तर काय? "मिठाचं भांडं ठेवायचं नसतंय काकू त्याच्यावर." स्वयंपाकाच्या टेबलावर मीठ नाही ठेवायचं तर कुठे, अंगणात? त्यानंतर नंबरच बंद.

खरं काय ते आम्हाला भंगारवाल्याने सांगितलं. एका कोपऱ्यातून पत्रा सुटला होता, तो सगळाच उचकटून त्याला दाखवला. त्याने एक जागा घासून स्वच्छ केली, छोट्या बाटलीतून स्टील तपासायच्या द्रावाचा एक थेंब टाकला. थेंब बघता बघता लालसर झाला. "जे-फोर हाय. 304 चा भाव मिळणार नाही." हे लोक भाव प्रतीवर देतात, त्यामुळे त्यांची नजर दुकानदारापेक्षा पक्की असते.

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग. 200 सिरीज नावाच्या स्वस्त मालात ते कमी करून मँगनीज घालतात, आणि त्यातल्याच जे-फोरमध्ये निकेल जेमतेम एक टक्क्याच्या आसपास उरतं. नवं असताना दोन्ही सारखंच चमकतं आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. चुंबकाने पकडला जातो तो 430 सारखा, जवळपास निकेल नसलेला माल. उलट अस्सल 304 वाकवला की त्या कडेला चुंबक किंचित ओढ घेऊ शकतं. म्हणजे ज्याने मोठ्या ऐटीत चुंबक दाखवलं, त्याने काहीच सिद्ध केलं नव्हतं. अर्थात 304 वरही मिठाचं पाणी रात्रभर साचू दिलं किंवा ब्लीचवालं क्लीनर वापरलं तर डाग पडतात, तो काही अमरपट्टा घेऊन येत नाही. पण इतक्या लवकर खड्डे पडत नाहीत.

जाडीतही मारलंच. एक चौरस फूट, एक मिलिमीटर जाड स्टील साधारण 740 ग्रॅम भरतं. कडा धरून आमचा पत्रा सव्वाबारा चौरस फुटांचा. अठरा गेज म्हणजे 1.2 मिलिमीटर, त्या हिशेबाने जवळपास अकरा किलो भरायला हवा. काट्यावर निघाला सव्वासहा. म्हणजे बावीस गेज, 0.7 मिलिमीटर. किलोचा भाव का नको होता आणि पत्रा हातात का दिला नाही, ते तेव्हा उमगलं.

चिकटवायला लाकडाचा पांढरा डिंक, तोही गुळगुळीत सनमायक्यावर, पॉलिश पेपर न मारता. वर पत्रा, खाली सनमायका, डिंकातलं पाणी जाणार कुठून? उचकटला तेव्हा मधोमध तो अजून ओला होता. अशा कामाला रबरी अ‍ॅडेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं झालं की मग दाबतात. खालच्या कडाही मुडपल्या नव्हत्या, पुसताना सुनेचं बोट कापलं.

हे काम करून घेणार असाल तर पत्रा बसवण्याआधी वजन करा, किराणा दुकानातला काटासुद्धा चालतो. फिल्म तुमच्यासमोर सोलायला लावा. बिलावर गेज नको, ग्रेड आणि मिलिमीटर लिहून घ्या. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

आम्ही 1915 ला फोन लावला. पहिलाच प्रश्न, विक्रेत्याचं नाव-पत्ता काय? आमच्याकडे वहीचं फाडलेलं पान, त्यावर "टेबल काम, जमा 3000". बाकीचे पैसे त्याने रोखच मागून घेतले होते.