इंदूरमध्ये जुन्या गाडीची चाकं रंगवायला देणार असाल तर आधी हे वाचा

माझे 17,300 रुपये गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांच्या 1974 च्या प्रीमियर पद्मिनीची तीन ओरिजिनल चाकं गेली, जी आता पैसे देऊनही मिळत नाहीयेत. दुकानदाराचं नाव लिहीत नाहीये कारण केस करायची आहे आणि वकिलांनी सांगितलंय की तोंडावर ताबा ठेवा. पण प्रकार कसा झाला ते सगळं लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान टळेल.

गाडीला 50 वर्षं झाली म्हणून विंटेज नोंदणी करायचं घरात ठरलं. 2021 च्या नियमात 50 वर्षांच्या वरची गाडी चालते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि नव्या नोंदणीची फीच 20,000 रुपये आहे, त्यामुळे आधी गाडी नीट करून मगच अर्ज करायचा असा विचार. बॉडी बरी होती, चाकं मात्र गंजलेली. कडेला रंगाचे पापुद्रे, आतून तपकिरी खपल्या. चारचौघांना विचारलं तर सगळे म्हणाले सँड ब्लास्टिंग (वाळूच्या झोताने गंज उडवणं) करून पावडर कोटिंग (पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवणं) करा, हाताने घासून स्प्रे मारला तर दोन पावसाळ्यांत परत गंज वर येतो. बरोबरच आहे ते.

आता कुणी म्हणेल की सरळ कारखान्यात का नाही गेलीस. गेले होते! सांवेर रोडला विचारलं, पोलोग्राउंडला विचारलं, तिथे पाच चाकांसाठी कुणी भट्टी लावत नाही, त्यांना लॉट लागतो. म्हणून हा मधला माणूस, ज्याने मला फसवलं. दुकानाला बोर्ड आहे, आत दुसऱ्या जुन्या गाड्यांची चकचकीत चाकं रचून ठेवलेली, आणि माणूस आपला मराठी. रामबागेत मामा राहतात, लोकमान्य नगरच्या गणपतीत आम्ही असतोच, ताई तुम्ही काळजीच करू नका, वगैरे वगैरे. घरच्यासारखं बोलला. इंदूरमध्ये आपण मराठी माणूस भेटला की लगेच मोकळे होतो आणि हे त्याला पक्कं माहीत आहे, नंतर कळलं की समोर सिंधी गिऱ्हाईक असलं तर तो तितकीच छान सिंधी बोलतो.

रेट ठरला चाकाला 1,800, स्टेपनी धरून पाच चाकांचे 9,000, ब्लास्टिंग प्रायमर पावडर सगळं त्यात. 5,000 अ‍ॅडव्हान्स फोनवरून दिले, खात्यावर नाव एका बाईचं आलं, म्हणाला मिसेसचं आहे. (दुकान एकाचं आणि खातं दुसऱ्याचं असेल तर तिथेच थांबा, नंतर पोलीस हेच धरून बसतात की पैसे तर तुम्ही त्याला दिलेच नाहीत.) मग फोन आला की ब्लास्टिंगनंतर लोखंड उघडं पडलंय, पावसाची हवा आहे, आजच इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा गंज रोखणारा थर) नाही मारला तर रात्रीत गंज धरेल, त्याचे वेगळे 2,500. यातली गंमत अशी की ही गोष्ट खरी आहे, ब्लास्ट केलेलं लोखंड दमट हवेत खरंच काही तासांत लाल पडतं, मी वाचलेलं होतं, म्हणून तर विश्वास बसला. अर्धवट खरं बोलणाऱ्याला कसं पकडणार माणूस? दिले 2,500.

आणि आता तो फोटो. या फोटोमुळे मला अजून झोप लागत नाही.

भाच्याची मुंज होती, मी ग्वाल्हेरला. मांडवात मातृभोजन चाललेलं, हातात ताट, तेवढ्यात मोबाईलवर फोटो आला, "ताई तुमची चाकं भट्टीतून निघाली". रांगेत ठेवलेली सिल्व्हर ग्रे चाकं, एकदम झकास. मी लिहिलं छान, आणि फोन पर्समध्ये टाकला. घरी आल्यावर मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं. पहिल्याच चाकाच्या भोकात काळा रबरी व्हॉल्व बसलेला आहे आणि त्याच्या बुडाशी सिल्व्हर रंग उडालेला आहे. नीट समजून घ्या. आमच्या गाडीला ट्यूबचे टायर आहेत, व्हॉल्व ट्यूबला असतो, टायर काढला की भोक रिकामं. चाकात बसवलेला रबरी व्हॉल्व ट्यूबलेसला असतो, म्हणजे ते चाक आमचं नव्हतंच. आणि पावडर कोटिंगची भट्टी 200 डिग्रीच्या आसपास असते, त्यात रबर असं टवटवीत राहतं का? म्हणजे भट्टीही नव्हती, कुणाच्या तरी चाकाला व्हॉल्व न काढताच स्प्रे मारलेला. दोन्ही खोटं एकाच फोटोत, माझ्या हातात, आणि मी तेव्हा श्रीखंडाची वाटी सांभाळत होते. मुंजीच्या गडबडीत पाच इंचाच्या स्क्रीनवर कुणालाही दिसलं नसतं, हे मी आजही ठामपणे म्हणेन. घरात मला ऐकवणाऱ्यांपैकी दोघांना तोच फोटो दाखवला, त्यांनाही सांगेपर्यंत दिसलं नाही.

डिलिव्हरीला तीन चाकांचा बेंड काढल्याचे म्हणून प्रत्येकी 600, म्हणजे 1,800 जास्तीचे मागितले, ते आणि राहिलेले 4,000 धरून 5,800 रोख घेतले. बिल मागितलं तर जीएसटी लागेल म्हणाला. लागू दे ना! बिल घ्याच. 18 टक्के वाचवायला जाऊन हातात कागदच राहत नाही आणि मग तुमची चाकं त्याच्याकडे कधी गेलीच नव्हती असं तो पोलीस थाण्यात बसून म्हणू शकतो. म्हणाला सुद्धा.

फुटलं कुठे, तर टायरवाल्याकडे. टायर चढवताना त्याचा लिव्हर कडेला घसरला आणि रंगाचा रुपयाएवढा तुकडा उडाला. खाली प्रायमर नाही, करडी पुट्टी. त्याने पेचकसने उकरलं तर पुट्टीच निघत राहिली, नख आत जाईल एवढा खड्डा, आणि जिथे मधली प्लेट रिमला वेल्ड केलेली असते तिथे बोटभर लांब चीर, ती पुट्टीने बुजवलेली. "दीदी, ये पहिया गाड़ी में मत डालना, मोड़ पे निकल जाएगा." त्याने टायर चढवायचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. चाक ब्रेकने तापतं, वजनाखाली लवतं, त्यावर पुट्टी टिकतच नाही, आणि चिरलेलं चाक तर फेकायचंच असतं. हा दुकानदार ते मला रंगवून देतो आणि मी माझ्या आईला त्या गाडीत बसवणार होते. हा नुसता पैशांचा मामला आहे का?

मग मी पाचही चाकं उलटी केली. बाबांनी प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, व्हॉल्वच्या भोकाशेजारी, सेंटर पंचने (लोखंडावर टिंब पाडायच्या टोकदार हत्याराने) टिंबं ठोकलेली होती, एक ते पाच, टायरची अदलाबदल करताना कुठलं चाक कुठे होतं ते कळावं म्हणून. दोन टिंबांचं आणि पाच टिंबांचं चाक मिळालं. बाकी तीन गुळगुळीत. फोन केला तर म्हणतो ताई ब्लास्टिंगमध्ये टिंबं गेली असतील. पंचचा खड्डा ब्लास्टिंगने जात नाही आणि गेला तर पाचही चाकांवरचा जाईल ना, दोनच कशी वाचली? यावर तो गप्प. आणि ब्लास्टिंग केलंच नव्हतं, त्या दोन चाकांवर कापसाला थिनर लावून घासलं तर कापूस सिल्व्हर झाला आणि खाली जुना गंज तसाच. नीट भाजलेली पावडर अशी कापसावर उतरत नाही. हे डिलिव्हरी घेताना त्याच्यासमोर करा, आतल्या बाजूला करा, आणि लोहचुंबक पण न्या, जाड पुट्टीवर तो नीट चिकटत नाही.

दोन दिवसांनी त्याचाच फोन, आवाज एकदम मऊ. तुमची चाकं चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली, तो रतलामचा आहे, आणायला गाडी पाठवतो, 4,000 पाठवा. पाठवले. चाकं परत मिळायची तीच एक आशा होती, कुणीही पाठवले असते, पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली, मुंबईच्या टॅक्स्यासुद्धा 2023 मध्ये गेल्या, चांगली चाकं आणायची कुठून? त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

आता पोलीस. आमच्या भागातल्या थाण्यात म्हणे दुकान ज्या हद्दीत आहे तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणे पैसे घरून पाठवलेत ना, मग तुमचा थाना तो. ज्यांना नव्या कायद्याने हद्दीचं कारण सांगून परत पाठवताच येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही भागात झालेला असो माहिती नोंदवायची, ते मला रस्त्याचा पत्ता समजावत होते. मग "ये तो लेन-देन का मामला है, सिविल में जाइए." मी म्हटलं वस्तू विश्वासाने सोपवली आणि त्याने ती बदलली, हा विश्वासघात आहे, न्याय संहितेचं 316, आणि फसवणुकीचं 318. तर साहेब म्हणाले, "मैडम, पहिये गए थे, पहिये आ गए, चोरी क्या हुआ?" दुसऱ्याने विचारलं भंगारात याचे किती येतील. आणि शेवटी, "घर में कोई जेंट्स हो तो भेज दीजिए." मी तीस वर्षं गाडी चालवतेय! सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत, हे आमच्यात बसत नाही. बँकेनेही तेच म्हटलं. तक्रारीच्या हेल्पलाइनवर नोंदवलं तर कुणाचाही फोन न येता मेसेज आला की तक्रार बंद, तक्रारदार समाधानी. कोण समाधानी? कुणी विचारलं मला? परत उघडली, परत बंद केली.

थाण्यात घेत नसतील तर वाद घालत बसू नका, लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना (इंदूर शहरात उपायुक्तांना) पाठवा आणि पोच जपून ठेवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो, आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारून घ्या. माझा अर्ज तयार आहे, टायरवाल्याने सही करून जबाब दिलाय. तो फोटो दुकानदाराने त्याच्या बाजूने डिलीट केला पण माझ्याकडे सेव्ह आहे.

आणि एक राहिलं. काम चांगलं झालं तरी नट बसतो त्या जागेवर आणि चाक ड्रमला टेकतं त्या तोंडावर जाड रंग येऊ देऊ नका, मास्किंग करायला सांगा, तो थर दबला की नट सैल होतात. थोडी गाडी चालवून परत कसून घ्या. चाकं द्यायच्या आधी प्रत्येकावर पंच मारा आणि त्याचा फोटो त्या माणसाला त्याच्याच नंबरवर पाठवा.

इंदूर, देवास, उज्जैन, रतलाम कुठेही कुणाला जुन्या फियाट-पद्मिनीची 14 इंची चाकं विकायला आलेली दिसली तर कृपा करून आतल्या बाजूला व्हॉल्वच्या भोकाजवळ बोट फिरवून बघा. एक, तीन आणि चार टिंबांची चाकं आमची आहेत, टिंबं सरळ ओळीत आहेत, तीन टिंबांच्या चाकावर शेवटचं टिंब जरा खाली घसरलेलं आहे. घेऊ नका, विकणाऱ्याचा फोटो काढा आणि मला कळवा.